न पडलेला बर्फ आणि नाणेघाटाची वाट

कानबाऱ्याला असा बर्फ पडत नाही. जपानच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं हे गाव समुद्राला लागून आहे आणि तिथला हिवाळा सौम्य असतो. घरांची छपरं गाडून टाकणारा बर्फ हा डोंगरापलीकडच्या जपानचा मामला. तरीही बर्फातल्या वाटसरूंचं जगात बहुधा सर्वांत गाजलेलं चित्र आहे ते याच गावाच्या नावाचं. उतागावा हिरोशिगे या चित्रकाराने १८३३-३४च्या सुमारास ते रेखाटलं, कोरणाऱ्याने लाकडात कोरलं, छापणाऱ्याने कागदावर उठवलं आणि एदो म्हणजे आजच्या टोकियोच्या दुकानांत ते विक्रीला आलं.

चित्रात रात्र आहे. छपरं, झाडं, डोंगर सगळं पांढऱ्याखाली गेलेलं. उजवीकडे दोघं कमरेत वाकून चढ चढताहेत, अंगावर गवती झूल आणि डोक्यावर पसरट टोपी. डावीकडे एक जण अर्धवट मिटलेल्या छत्रीत डोकं खुपसून दुसऱ्या बाजूला चाललाय. तिघांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही.

यात गंमत अशी की चित्रात पांढरा रंग नाहीच. बर्फ म्हणून जे दिसतं तो कोरा कागद आहे. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला जाड, किंचित पिवळसर कागद. कोरणाऱ्याने चेरीच्या फळीवर चित्र उलटं चिकटवून रेषा तेवढ्या उंच ठेवल्या आणि बाकीचं लाकूड खरवडून काढलं. जिथे लाकूड नाही तिथे शाई नाही, आणि जिथे शाई नाही तिथे बर्फ. आकाशातला काळोख मात्र छापणाऱ्याच्या हातचा. ओल्या फळीवर शाई पुसत पुसत त्याने गडद ते फिका असा उतार आणला. काही प्रतींत आकाश वरच्या कडेला काळंभोर आहे, तर काहींत क्षितिजाजवळ. म्हणजे रात्र किती झाली हे छापणाऱ्याच्या मनगटावर.

हे चित्र ज्या मालिकेतलं ती एदो ते क्योतो या सुमारे ५०० किलोमीटरच्या तोकाइदो रस्त्याची. वाटेवर ५३ मुक्काम, सुरुवात आणि शेवट धरून चित्रं ५५. हिरोशिगे १८३२ मध्ये शोगुनने बादशहाला पाठवलेल्या घोड्यांच्या लवाजम्याबरोबर हा रस्ता चालला, असं परंपरा सांगते. अभ्यासक त्यावर शंका घेतात आणि कानबाऱ्याचा बर्फ पाहिला तर त्या शंकेला बळच मिळतं. पण गिऱ्हाइकाला त्याचं काय? एक चित्र साधारण एखाददुसऱ्या वाडगाभर नूडल्सच्या किमतीत मिळायचं. ते घेणारा कारागीर, दुकानदार, तीर्थयात्रेहून आलेला माणूस स्वतः त्या वाटेने वाकून चालत आलेला असायचा किंवा कधीतरी जायचं स्वप्न बघत असायचा. त्याला राजवाडे नको होते. चढण, नदीचा उतार, खानावळ, पाऊस, पायातली गवती चप्पल असलं काही हवं होतं. साध्या वाटसरूला चित्राच्या मधोमध जागा मिळाली ती या बाजारामुळे.

याच मालिकेतल्या शोनो गावच्या चित्रात पाऊस आहे. तिरप्या बारीक रेघांचा, बांबूच्या बनाला वाकवणारा. डोली खांद्यावर घेतलेले भोई चढावर पळताहेत आणि एक जण छत्री सांभाळत उतारावरून धावतोय. सुरुवातीच्या प्रतींमध्ये त्या छत्रीवर नीट पाहिलं तर प्रकाशकाचं नाव आणि मालिकेचं नाव लिहिलेलं आहे. एवढ्या धो धो पावसातही जाहिरात करायची संधी सोडलेली नाही!

शहापूर आणि मुरबाडच्या माणसाला ही चित्रं परकी वाटायचं काही कारण नाही. बर्फ सोडला तर त्यातलं सगळं त्याच्या ओळखीचं आहे. ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या या दोन तालुक्यांच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत उभी आहे. त्या भिंतीतून वर जाणाऱ्या वाटा दोन हजार वर्षांपासून माणसांनी आणि बैलांनी मळलेल्या आहेत. शहापुरात थळघाट, चोंढ्या घाट, मेंढ्या घाट. मुरबाडात माळशेज, नाणेघाट, दाऱ्या घाट, अहुपे घाट आणि त्यांच्या अध्येमध्ये फक्त गुराख्यांना आणि ठाकरांना ठाऊक असलेली ‘दारं’. कोकणातून वर चढायचं आणि घाटावरून खाली उतरायचं हाच या मुलखाचा कित्येक शतकांचा धंदा.

त्या चित्रातली गवती झूलही इथली आहे, नुसतं नाव वेगळं. जपानीत तिला मिनो म्हणतात, इथे इरलं. मिनो भाताच्या पेंढ्याचं किंवा गवताचं, खांद्यावरून पाठीवर सोडलेलं. इरलं बांबूचं. बांबूच्या बारीक कामट्यांची उभी-आडवी जाळी विणायची, तिच्यावर पळसाची किंवा सागाची रुंद पानं एकावर एक कौलांसारखी बसवायची, वरून दुसरी जाळी दाबून कडा आवळायच्या. आकार अर्ध्या होडीसारखा. डोक्यावर टेकवलं की मागे पाठ झाकत गुडघ्यापर्यंत येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आवणीच्या दिवसांत खाचरात वाकलेल्या माणसाला छत्रीचा काही उपयोग नसतो. छत्री धरायला तिसरा हात कुठून आणायचा? पाऊस इरल्याच्या पानांवरून मागे ओघळतो आणि माणूस त्याच्या आत कोरड्या पाठीने चिखलात रोपं खोचत जातो. मिनोदेखील असंच भातशेतीचं लेणं होतं, प्रवाशाने ते नंतर उचललं. पावसाळी भाताच्या दोन मुलखांनी एकमेकांना न विचारता एकच शिवण काढली.

लांबच्या चालीला मात्र इरलं अडचणीचं. घाटाच्या अरुंद वाटेवर वारा त्याचं शीड करून टाकतो. तिथे घोंगडी. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाऊस आधी लोकरीत मुरतो, मग अंगापर्यंत यायला बराच वेळ घेतो. घोंगडी कोकणात होत नाही, ती मेंढ्यांबरोबर घाटावरची. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला भरणारी खांबलिंगेश्वराची जत्रा बैलांच्या बाजाराइतकीच घोंगड्यांसाठी ओळखली जाते. ऐन थंडीत विकत घेतलेली घोंगडी थंडीपेक्षा आषाढासाठी जास्त असायची. एका अर्थाने ही जत्रा म्हणजे घाट आणि कोकण यांच्यातल्या जुन्या देवघेवीचा टिकून राहिलेला तुकडा. मीठ वर जायचं, धान्य आणि लोकर खाली यायची.

आता नाणेघाट. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला टोकावडे मागे टाकलं की वैशाखरे लागतं. तिथून दोन-अडीच तासांची चढण. वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी, जागोजागी दगडी पायऱ्या. आणि माथ्यावर, खिंडीच्या तोंडाशी, तिन्ही बाजूंनी बसायला दगडी बाक असलेलं चौकोनी लेणं. पलीकडे जुन्नर, पुढे पैठण. मागे कल्याण आणि सोपारा ही बंदरं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात कल्याण आहे, पैठण आहे आणि तक्रारही आहे. पूर्वी कल्याणचा व्यापार रीतसर चालायचा, आता मात्र तिथे अडवणूक होते, चुकून शिरलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो लिहितो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात रस्ता भरडला जात होता.

लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, मोठा थोरला लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा. काळ साधारण इसवी सनपूर्व पहिलं शतक. १८२८ मध्ये कर्नल विल्यम साइक्स इथे आला आणि हा लेख जगापुढे आला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जॉर्ज ब्युहलर यांनी तो वाचला. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची ती यादी आहे आणि प्रत्येक यज्ञाला काय दक्षिणा दिली त्याचा हिशेब. कुठे १,००१ गाई, कुठे घोडे, हत्ती, कुठे कार्षापण नाणी. हिशेब अक्षरांत नाही, आकड्यांत आहे आणि लेखाचं जगभर नाव झालं ते त्यामुळे. २, ४, ६, ७, ९ या अंकांची भारतातली फार जुनी रूपं इथे कोरलेली आहेत. शून्य अजून आलेलं नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. भगवानलालांनी ती ओळखली तेव्हा आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अंकांच्या वंशावळीतली एक मोठी गाठ सुटली.

म्हणजे मुरबाडच्या या खिंडीत गाईंची संख्या आहे, नाण्यांची आहे, यज्ञांची नावं आहेत. ज्याच्या पाठीवरून हे सगळं वैभव घाट चढून गेलं तो मात्र कुठेच नाही. जकात भरणारा व्यापारी नाही, बैल हाकणारा नाही, मिठाची गोण वाहणारा नाही. राजाच्या हिशेबात तो यायचाही नव्हता. हिरोशिगेच्या चित्रांतला वाकलेला माणूस नाणेघाटात शोधायला गेलं तर दगडी पायऱ्यांच्या झिजलेल्या कडांवर समाधान मानावं लागतं.

राजघराण्याचंही फार काही उरलं नाही म्हणा. लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव, सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, राणीचा बाप महारठी. पुतळे कधीच गेले. नावं शिल्लक आहेत आणि खाली पावलं तेवढी. वाटसरूंच्या घाटात राजाराणीचे फक्त पाय राहावेत हा इतिहासाचा विनोद बरा आहे.

लेण्यातून बाहेर आलं की वाटेशेजारी मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकत आणि म्हणून ‘नाणे’घाट, असं गावकरी, गाइड आणि शाळेची सहल घेऊन आलेले गुरुजी सगळे एकमुखाने सांगतात. नाना आणि गुणा या दोन भावांची, घाट कुणी आधी खोदायचा या पैजेची दुसरी कथाही आहे, आणि खिंडीशेजारचं टोक नानाचा अंगठा म्हणून उभं आहेच. रांजणात पैसे जमवत होते की पाणी, हे रांजण सांगणार नाही. पण जकातीची कल्पना ओढूनताणून आणलेली नाही. अशा अरुंद तोंडाशी थांबवून घेणं सोपं असतं. तोकाइदोवरही हाकोने आणि अराई इथे नाकी होती. तिथे पैशापेक्षा माणसांची झडती मोठी. एदोत बंदुका येऊ नयेत आणि ओलीस ठेवलेल्या सरदारांच्या बायका एदोतून बाहेर सटकू नयेत यावर डोळा. परवान्याचा कागद नसलेल्या बाईला तिथे फार जाच होई. घाटातला रस्ता म्हणजे सत्तेच्या हातातलं नरडं, इथेही आणि तिथेही.

या वाटांवरून गेलेल्या एका प्रवाशाने मात्र लिहून ठेवलं. जॉन फ्रायर, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. १६७५च्या उन्हाळ्यात जुन्नरच्या मोगल सुभेदाराने त्याला औषधोपचारासाठी बोलावलं. मुंबईहून निघून कल्याण, मुरबाड करत तो घाटाशी आला. खाली शिवाजी महाराजांचा मुलूख, वर मोगलांचा. म्हणजे दोन सत्तांच्या शिवेवरून हा साहेब चढणार. वाटाड्याचं चुकलं की नशिबाचं, तो नाणेघाटाने न जाता बिकट अशा अहुपे घाटाने वर गेला आणि परतताना नाणेघाटाने उतरला. या घाटांची नावं त्याने कानाला ऐकू आली तशी वेडीवाकडी लिहिली आहेत, पण ओळखता येतात. उभ्या कड्याची धास्ती, भोयांची आणि हमालांची दमछाक हे सगळं त्याच्या प्रवासवर्णनात उतरलं. त्या भोयांची नावं मात्र उतरली नाहीत. शोनोच्या पावसात डोली घेऊन पळणाऱ्यांचीही नावं कुणाला माहीत नाहीत. पण त्यांची पोटरी किती ताणली गेली हे आज दोनशे वर्षांनी दिसतं. अहुप्याच्या भोयांचं तेवढंही नाही.

घाट राखणारे होते महादेव कोळी. त्यांच्या नाइकांकडे घाटांच्या राखणीचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या होते आणि त्या बदल्यात गावांकडून काही बांधलेलं येणं. इंग्रजांनी १८१८ नंतर ही घडी विस्कटली. ज्यांनी वाट राखायची त्यांनीच ती अडवायला सुरुवात केली, कारण पोटाला दुसरं उरलं नाही. राघोजी भांगरे हा त्यातला सर्वांत गाजलेला. अकोले तालुक्यापासून जुन्नर-मुरबाडच्या घाटांपर्यंत त्याच्या बंडाने कंपनी सरकारला वर्षानुवर्षं पळवलं. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं.

पाचच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ला, त्याच ठाण्यात आगगाडी पोहोचली.

गाडी वर न्यायची कुठून, हा प्रश्न आधीपासून घोळत होता. पहिल्या आराखड्यांत माळशेजचंही नाव होतं. ते टिकलं असतं तर मुरबाडचं आजचं रूप काही वेगळंच असतं. शेवटी कौल लागला बोरघाटाला आणि शहापूरच्या थळघाटाला. १८५५ मध्ये रूळ वाशिंदला आले, १८६१ला कसाऱ्याला. तिथे भिंत उभी. कसारा ते इगतपुरी हा सुमारे ९ मैलांचा टप्पा आणि त्यात ९७२ फुटांची चढण. ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, इतका उभा चढ. १३ बोगदे, एहेगावचा उंच पूल. १ जानेवारी १८६५ला गाडी इगतपुरीला गेली. आजही कसाऱ्याला अनेक गाड्या थांबतात आणि मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडली जातात. एका हिसक्याने डबे सरकतात, वडापाववाले घाईने उतरतात आणि गाडी कुंथत घाटाला लागते. खिडकीतून उतारावर तिरपी पडणारी पावसाची सर पाहिली तर शोनोची रेघ आठवते. ज्याने ते चित्र पाहिलंय त्याला तरी.

जपानात पहिली आगगाडी धावली १८७२ मध्ये, म्हणजे ठाण्यानंतर १९ वर्षांनी. १८८९ला तोकाइदोच्या बाजूने टोकियो ते कोबे लोहमार्ग पूर्ण झाला आणि ५३ मुक्कामांचा जुना प्रवास संपला. पण तोवर ती वाट लाखो कागदांवर छापून घराघरांत गेलेली होती. रस्ता मेला, चित्र उरलं. नाणेघाटाचं उलटं झालं. चित्र नव्हतंच आणि मिठाचे तांडे हळूहळू आटले. कसाऱ्याहून वाघिणीत बसून मीठ वर जायला लागल्यावर वैशाखऱ्याच्या चढणीला कोण बैल घालणार?

चित्र का नव्हतं, हा प्रश्न खरं तर नाणेघाटापेक्षा मोठा आहे. इथे हात नव्हते असं नाही. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटसाठी त्याने कार्ल्याची आणि वेरूळची लेणी रेखाटली. कोरून छापायची अक्कलही होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली गीता १८०५ मध्ये मिरजेत छापून झाली. विल्यम वेस्टॉलसारखे इंग्रज चित्रकार सह्याद्रीत हिंडले, बोरघाट त्यांनी काढला. पण त्यांच्या चित्रांत वाटसरू असतो तो डोंगर किती मोठा आहे हे कळावं म्हणून, पट्टीवरच्या खुणेसारखा. पुढे १८७८ला पुण्यात चित्रशाळा निघाली, १८९४ला राजा रविवर्म्याचा छापखाना गिरगावात सुरू झाला आणि काही वर्षांतच बोरघाटाच्या माथ्यावर मळवलीला गेला. स्वस्त, रंगीत, घरोघर जाणारी चित्रं मराठी माणसाला मिळाली ती तेव्हा. त्यांत लक्ष्मी होती, सरस्वती होती, शकुंतला होती, शिवाजी महाराज होते. छापखान्याच्या दारावरून रोज घाट चढणारा माणूस नव्हता. गिऱ्हाइकाला भिंतीवर देव हवा होता. आपली स्वतःची पायपीट त्याला विकत घेण्याजोगी वाटली नाही. एदोच्या गिऱ्हाइकाला वाटली. हा फरक कलेपेक्षा बाजाराचा आहे, असं म्हणायला जागा आहे.

ठाणे जिल्ह्यातला वाटसरू रेघेत आला तो वेगळ्याच दाराने. वारली चित्रांत माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि चार काड्या, पण तो चालतो, ओझं वाहतो, चढ चढतो. वाकलेला असेल तर वरचा त्रिकोण कलतो, बस्स. चेहरा इथेही नाही. जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकाबाहेर काढून ही चित्रं कागदावर आणि कापडावर नेली. त्यांचं गंजाड गाव डहाणू तालुक्यातलं. २०१४ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. या जिव्या मशेंनी ज्या परदेशी जागी जाऊन चित्रं काढली त्यांतली एक म्हणजे जपानच्या निगाता प्रांतातलं मिथिला संग्रहालय. तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये तोकामाची गावाजवळच्या एका बंद पडलेल्या शाळेत ते उभं केलं. तोकामाची हा जपानमधल्या सर्वांत बर्फाळ टापूंपैकी एक. हिवाळ्यात दोन-दोन मीटर बर्फ साचतो, जुन्या घरांना वरच्या मजल्यावरून जा-ये करावी लागे. शेजारच्या शिओझावातल्या सुझुकी बोकुशी नावाच्या व्यापाऱ्याने त्या बर्फावरच आख्खं सचित्र पुस्तक लिहिलं, लाकडी ठशांनी छापलेलं. ते निघालं १८३७ मध्ये, हिरोशिगेच्या मालिकेनंतर तीनेक वर्षांनी.

कानबाऱ्याला न पडलेला बर्फ खरोखर पडतो तो तिथे. आणि तिथल्या भिंतींवर आपल्या भातखाचरांतली माणसं टांगलेली आहेत. त्यांचा पांढरा मात्र कोरा कागद नाही. तांदळाचं पीठ पाण्यात आणि डिंकात कालवून, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करून, गेरू-शेणाच्या तांबूस अंगावर तो लावावा लागतो. हिरोशिगेच्या चित्रात सगळ्यांत कमी हात लागलेली जागा पांढरी, वारली चित्रात सगळ्यांत जास्त हात लागलेली.

जपानचा दुसरा संबंध शहापूरच्या थेट हद्दीत आहे आणि तो कलेचा नाही, विजेचा आहे. चोंढे गावात, जुन्या चोंढ्या घाटाच्या पायथ्याशी, घाटघर जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण आहे. वरचं धरण घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यात घाटघरला. प्रकल्पाला जपानी कर्ज मिळालं. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातली पहिली धरणं ती हीच. क्षमता २५० मेगावॉट. दिवसा विजेची ओढ असते तेव्हा पाणी वरून खाली सोडून वीज करायची आणि रात्री मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवायचं. ज्या घाटाने माणसं आणि बैल ओझी घेऊन वर चढायचे, तिथे आता रोज रात्री डोंगराच्या पोटातून पाणी चढतं. शेजारच्याच टापूत जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा मोटारीने पार व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात. त्यात पाऊस नाही, चढण जाणवत नाही.

नाणेघाटात पाणी वर चढायला यंत्र लागत नाही. आषाढात कोकणाकडून येणारा वारा खिंडीच्या कड्यावर आदळतो आणि खाली पडू पाहणारी धार उचलून परत माथ्यावर फेकतो. उलटा धबधबा बघायला शनिवार-रविवारी जुन्नरच्या बाजूने मोटारींची रांग लागते. पाण्याचं पीठ होऊन हवेत उडतं, चार हातांवरचा माणूस पांढऱ्यात पुसला जातो, फक्त त्याच्या रेनकोटची कड दिसते. कानबाऱ्याच्या रात्रीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही या तालुक्यात नसेल.

खाली वैशाखऱ्याच्या अंगाला, त्याच पावसात, खाचरांमध्ये आवणी चाललेली असते. इरली अजून दिसतात. कामट्यांची जाळी तीच, पळसाची पानं मात्र क्वचितच. त्यांच्या जागी निळं, काळं प्लास्टिक किंवा खताची उसवलेली गोणी, सुतळीने शिवलेली. पाऊस जोरात आला की पानांवर व्हायचा तो बोदा आवाज आता तडतड असा होतो. माणूस आत तसाच वाकलेला असतो, रोपांची जुडी डाव्या हातात आणि तोंड जमिनीकडे.